क्रुमच्या दारावरचा कागद

अर्जाच्या शेवटच्या पानावर हॉलंडच्या त्या विद्यापीठानं विचारलं होतं: तुमची पार्श्वभूमी आणि महत्त्वाकांक्षा पाचशे शब्दांत लिहा. महत्त्वाकांक्षा नेदानं एका दमात लिहून काढली. डॅन्यूब नदी दर वर्षी आपला तळ कशी हलवते आणि तो कुठं सरकणार हे आधीच कसं ओळखायचं, ते तिला शिकायचं होतं. ते शिकवणारी माणसं तिकडेच होती. घोडं अडलं ते पार्श्वभूमीपाशी.

"बाप मेला असं लिही," घेवड्याचं पातेलं ढवळत तिची आई पेन्का म्हणाली.

"आई, तो जिवंत आहे. मागच्या महिन्यात बेकरीत दिसला होता मला."

"तुला दिसला असेल. मला आठ वर्षांत दिसलेला नाही."

गंमत म्हणून बोलत नव्हती ती. आईबापांपैकी एक गमावलेल्या मुलांना ते विद्यापीठ सगळा खर्च देत होतं. तो मिळाला नाही तर नेदाचं जाणं होणार नव्हतं, आणि जाणं नाही झालं तर आईसारखं त्या शर्टांच्या कारखान्यात बटणं लावत बसायचं. बाप मेला असता तर मुलीचं भलं झालं असतं. सोडून गेलेल्या बापाचं मात्र कुणी काही देत नाही. हा कुठला न्याय, सांगा बरं! दुसऱ्या बाईपायी नेदाचा बाप क्रुम घर सोडून बंदराकडे राहायला गेला. पुढे ती बाईही त्याला सोडून गेली, पण तो परत आला नाही ते नाहीच.

मग नेदानं लिहिलं. गाळ उपसणाऱ्या बोटीवर काम करणारा बाप. बुडणाऱ्या सोबत्याला वाचवायला उडी मारणारा बाप. दहा वर्षांच्या मुलीच्या हातात खुणांची काठी देऊन पाण्याची खोली मोजायला शिकवणारा बाप. लिहिताना तिला मजा आली, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

पुरावा म्हणून दाखला नाही तर निधनाची छापील सूचना चालेल, असं अर्जात होतं. पेन्काचे डोळे चमकले. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो आणि दोन ओळी असलेला कागद छापतात आणि झाडांवर, बसथांब्यावर, गेलेल्याच्या दारावर चिकटवतात. त्या कागदावर जेवढा विश्वास, तेवढा नगरपालिकेच्या शिक्क्यावरही नाही. चर्चजवळचा छापखानेवाला स्पास फोटो घेतो, नाव घेतो, हळहळतो आणि छापतो. दाखला मागत नाही. मेलेल्याबद्दल कोण खोटं बोलणार?

"एकच हवाय," पेन्का त्याला म्हणाली.

"एकच?"

"हो. एकच."

कागद घेऊन ती गेली आणि इकडे स्पासचा जीव हळहळला. बिचारीची ऐपत नसेल. नेहमीचे तीस पुरे करायला त्यानं आणखी एकोणतीस छापले, पिशवीत घातले आणि खळ घेऊन स्वतः फिरून चिकटवले. सुतकातल्या बाईकडून पैसे काय घ्यायचे म्हणून फुकट. चांगुलपणाच्या नावानं माणसं काय घोळ घालतात! क्रुम तेव्हा तीन आठवडे नदीच्या वरच्या अंगाला कामावर होता, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही.

तो परतला तो थेट स्वतःच्या दारावर स्वतःलाच बघायला. दुपारी बसथांब्यावरचा एक कागद उपटून तो पेन्काच्या उंबऱ्यात उभा राहिला.

"किती वाजता गेलो मी?" त्यानं विचारलं. "तारीख आहे, पण वेळ घातली नाहीत."

"सकाळी," पेन्का म्हणाली. "बॅग घेऊन."

"थोबाड आवर, पेन्का."

"स्वतःच्या घरी जाऊन ओरड. इथं तुझी खुर्चीसुद्धा नाही."

खरंच, त्याला कुणी बस म्हटलं नाही. तो नेदाकडे वळला. "कशासाठी केलंस?"

नेदानं सांगितलं. लपवण्यासारखं उरलंच काय होतं? त्यानं अर्जातलं ते लिखाण मागितलं, इंग्रजी बघून परत तिच्या हातात कोंबलं. "वाच. आपल्या भाषेत."

तिनं वाचलं. तो उभ्यानं ऐकत राहिला. सोबत्याला वाचवायची उडी आली तेव्हा नाकातून हसला. काठी आली तेव्हा हसला नाही.

"काठीचं खरं आहे," शेवटी तो म्हणाला. "बाकीचा हा माणूस कोण? मी ओळखत नाही याला."

"मीही नाही ओळखत," नेदा म्हणाली. "पण तिकडच्यांना असला बाप लागतो. तुमच्यासारखा नाही चालत."

चापट बसावी तसा त्याचा चेहरा झाला. नेदाला बरं वाटलं. आठ वर्षं वाट बघितली होती तिनं या चेहऱ्याची.

"ठीक," क्रुम म्हणाला. "मारलंत ना? मग सगळं रीतसर करा. माणूस गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी वाटतात तो गहू घेऊन ये. तुझी आई नाही, तू. भर दुपारी, बंदरापर्यंत, लोकांदेखत. नाही आलीस तर त्या विद्यापीठाला मी जिवंत असल्याचं कळवतो. आमच्या बोटीचा कॅप्टन इंग्रजी लिहितो."

"लाज वाटत नाही पोरीला धमकी द्यायला?" पेन्का किंचाळली.

"मेलेल्याला कसली लाज?" असं म्हणून तो पायऱ्या उतरला.

चाळिसावा दिवस उजाडायच्या आधीच हॉलंडहून उत्तर आलं. जागा मिळाली, खर्चही मिळाला. आता तर नेदाच्या हातात गमावण्यासारखं सगळंच होतं. तिनं गहू उकडला, साखर घातली, अक्रोड पेरले आणि वाडगा घेऊन निघाली. तोवर गावाला सगळं कळून चुकलं होतं.

"कुणाचा गं गहू?" बेकरीवालीनं दारातून विचारलं, माहीत असून.

"बाबांचा."

"आणि नेतेस कुणाकडे?"

"बाबांकडे."

रांगेतली माणसं खिदळली. "आमचाही नमस्कार सांग हो त्यांना!" कुणीतरी मागून ओरडलं. नेदाचे कान तापले, पण ती थांबली नाही. लोकांपेक्षा, हे सगळं ठरवून करवणाऱ्या त्या माणसाचा तिला जास्त संताप आला होता.

कागद अजून क्रुमच्या दारावरच होता. उन्हानं फिकट झालेला, एका कोपऱ्यातून सुटलेला. त्यानं तो फाडला नव्हता.

दार उघडून त्यानं वाडगा घेतला, चमचा उचलला.

"आधी म्हणायचं असतं," नेदा म्हणाली. 'देव त्याला क्षमा करो' म्हटल्याशिवाय हा गहू कुणी खात नाही.

क्रुमचा चमचा हवेतच राहिला. "माझंच मी काय म्हणू? देवाचं राहू दे. तू केलीस का क्षमा?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पाचशे शब्द खोटे लिहिले होते, त्यात आणखी एक. हो म्हटलं की सुटली असती, महिनाभरात हॉलंडच्या बसमध्ये बसली असती.

"नाही," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, एक घास घेतला आणि सावकाश चावला. "अक्रोड कमी पडलेत." मग चमचा वाडग्यात ठेवला, हात पुढे करून दारावरच्या कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. दोनदा दाबला.

"जा," तो म्हणाला. "मेलेली माणसं पत्रं लिहीत नाहीत."

दार लागलं, आतून कडी पडली. वाडगा आतच राहिला. नेदा पायरीवर उभी होती आणि समोर तो कागद होता. मजकूर तिनंच लिहिला होता, पण छापलेला नीट वाचला आज पहिल्यांदा. आईनं स्वतःचं नाव घालू दिलं नव्हतं. फोटोखाली दोन ओळी होत्या आणि त्याखाली फक्त एवढंच: शोकाकुल, मुलगी नेदा.