बायको घोरते, असं मी सांगितलं

शिवणकाम हा माझा धंदा आणि थापा मारणं हा स्वभाव. दोन्हीत हात बसलेला. गिऱ्हाईक माप द्यायला येतं आणि किस्सा ऐकून जातं. पण एक थाप अशी निघाली, की ती आजही मला आतून कुरतडते.

चार वर्षांपूर्वी एका पहाटे माझ्याच घोरण्यानं मी दचकून जागा झालो. बायकोची झोप म्हणजे दगड. त्या दिवशी तो दगडही हलला होता.

"अहो, कोण घोरलं?"

"तू," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दुकानात मी त्याला तिखट-मीठ लावलं. "हिच्या श्वासावर आमचे पडदे उडतात, पंखा लागत नाही!" मग वरच्या मजल्यावरच्या कपबशा सरकू लागल्या. महिन्याभरात शेजारची मांजर पिल्लं तोंडात धरून घर सोडून गेली. लोक पोट धरून हसले आणि किस्सा फिरत फिरत तिच्या कानावर गेला.

ती हसली नाही. उपायांच्या मागे लागली. उताणं झोपलं की जीभ मागे पडते असं कुणीतरी सांगितलं, तर गाऊनच्या पाठीला खिसा लावून घेतला आणि त्यात रबरी चेंडू घातला. खिसा मीच शिवला, दुहेरी टाके घालून! रात्रीचं जेवण लवकर, झोपताना वाफ, उशीखाली आणखी एक उशी. सहा किलो वजन उतरवलं. रोज सकाळी चहा देताना विचारायची, "आज कसं होतं?"

"थोडं कमी," मी कपात बघत म्हणायचो.

शेवटी गेल्या आठवड्यात ती मला घेऊन नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिच्या नाकात उजेड टाकला. "हाड जरा वाकडं आहे, पण तसं बऱ्याच जणांचं असतं. घोरणं फारच असेल तर ऑपरेशनचा विचार करू."

"करून टाका," ती लगेच म्हणाली. "सुटेन एकदाची."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "घोरणाऱ्याला स्वतःचं कळत नाही. तुम्ही सांगा, रोज घोरतात? मध्येच श्वास अडकतो?"

ती मांडीवरची पर्स घट्ट धरून माझ्याकडे बघत होती, निकाल ऐकायला बसल्यासारखी.

"डॉक्टर, ही घोरत नाही," मी म्हणालो. "मी घोरतो."

"म्हणजे दोघंही?"

"नाही हो. मी एकटाच."

डॉक्टरांनी तिचा कागद बाजूला सारला आणि नवा घेतला. माझ्या मानेला टेप लावली.

"संध्याकाळी घेता?"

"दोन पेग."

"सिगारेट?"

"मोजत नाही."

"नाक चोंदतं?"

"दुकानात कापडाची धूळ असते ना."

"पोट तर दिसतंच आहे."

मग पेग बंद, सिगारेट बंद, वजन उतरवा, कुशीवर झोपा, आणि झोपेत श्वास अडकतो का याची एक तपासणी करून घ्या, असं सगळं झालं. मी मान खाली घालून ऐकत होतो. यातलं निम्मं तिनं माझ्या वाटचं करून टाकलं होतं.

घरी दाराशी चप्पल काढताना ती म्हणाली, "मग भाचीच्या लग्नाला मी का गेले नाही?"

सगळ्या बायका एका हॉलमध्ये झोपणार होत्या. कुणाची झोपमोड नको म्हणून ही तापाचं निमित्त सांगून घरी राहिली. तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे नवरीच्या आईला, तो फोन मीच केला होता. ताप एकशे चार आहे, असंही मीच सांगितलं होतं.

"लावा फोन धाकटीला," ती म्हणाली. "सगळं सांगा."

मी सांगितलं, स्पीकरवर. मेहुणी म्हणाली, "भावोजी, तेव्हापासून मी ताईशी धड बोलले नाहीये हो."

बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि आत जाऊन दार लावलं.

परवा ती बहिणीकडे गेली. किती दिवसांसाठी, ते बोलली नाही, आणि विचारायला माझी जीभ रेटली नाही. पेग बंद आहेत, कुशीवर झोपतो. घोरणं कमी झालं का, हे सांगायला घरात माणूस नाही.

"मास्तर, वहिनींचं काय नवीन?" गिऱ्हाइकं विचारतात. ती नाही, मी घोरतो, असं सांगतो. "वा! बायकोला वाचवताय होय!" म्हणून ती हसत सुटतात. मी पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून सांगतो.