निबंधातली आई

परीक्षेत ‘माझी आई’ हा निबंध आला आणि बेबीचं डोकंच चालेना. वर्गात पहिली येणारी पोर, गणितं चुटकीसरशी सोडवायची. पण आपल्या आईबद्दल लिहायचं तरी काय, कपाळ? कचेरीतून दमून येणारी, रुमालानं चष्मा पुसत ‘अभ्यास झाला का?’ एवढंच विचारणारी ती बाई, तिच्यावर पान कसं भरणार? मग तिनं मान जराशी तिरकी केली आणि पुढच्या बाकावरच्या गोटीचा निबंध जसाच्या तसा उतरवून घेतला. गोटीच्या आईच्या मनगटावर इस्त्रीचा डाग होता, काम करताना ती गुणगुणायची आणि निजवताना लेकीच्या केसांतून हात फिरवायची.

बाईंनी दोन्ही पेपर शेजारी ठेवले आणि भर वर्गात फैलावर घेतलं ते गोटीला. पहिल्या नंबराची मुलगी कशाला कॉपी करेल?

“आईला घेऊन ये, नाहीतर शाळेत पाऊल टाकू नकोस.”

गोटी रडली नाही, नुसती बेबीकडे बघत राहिली. शाळा सुटल्यावर बेबी घरी निघाली. आज आईला आणि उद्या बाईंना सगळं खरं सांगून टाकायचं, असं तिनं वाटेतच पक्कं केलं.

घराचं दार उघडलं, तर आतून गुणगुणणं ऐकू आलं. आई इस्त्री करत होती. डोळ्यांवर चष्मा नव्हता. मनगटावर तपकिरी डाग होता.

“हे कधी भाजलं?”

“अगं, तू रांगत होतीस तेव्हाचं हे. आज बघतेयस होय?” म्हणत तिनं बेबीला जवळ ओढलं आणि केसांतून हात फिरवला.

बेबी शहारली. हा हात आपला नव्हे, हे तिला कळत होतं; खरं बोललं की तो जाईल हेही, कुठून कोण जाणे, पुरतं कळत होतं. पण मेला किती ऊबदार होता! उद्या सांगू, ती मनाशी म्हणाली. रोज तेच म्हणत राहिली. गोटी शाळेत आलीच नाही.

एका संध्याकाळी आई खिडकीशी थबकली.

“त्या दोघी कोण गं? केव्हाच्या आपल्याच घराकडे बघताहेत. ओळखतेस?”

खाली रस्त्यावर गोटी उभी होती, आणि तिच्या शेजारी रुमालानं चष्मा पुसणारी एक बाई. काहीतरी हरवल्यासारखी ती खिडक्यांवरून नजर फिरवत होती. ‘आई!’ अशी हाक बेबीच्या अगदी ओठांवर आली. केसांतला हात थांबला होता.

“नाही,” बेबी म्हणाली.

हात पुन्हा फिरू लागला. खाली त्या बाईनं चष्मा चढवला, आणि बेबीला कधी धरलं नव्हतं तसं गोटीला घट्ट पोटाशी धरलं.