पोटातली दोरी

मंगेश महाराजांच्या मांडवात पितळी ताट फिरत होतं. ताटात हातभर लांब, काळपट, बुळबुळीत दोरी. "काल एका बायेच्या पोटातसून पडली," सेवेकरी सांगत होता. लोक नाक दाबून बघत आणि तितक्याच भक्तीने हात जोडत.

महाराजांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, "बारा वहिवाटीच्या म्हाराजा, ह्या लेकरांच्या पोटात जी करणी बसली आसा, ती दोरी होवन भायर पडांदे."

"व्हय म्हाराजा," मांडव गरजला. देवळातल्या गाऱ्हाण्याला लहानपणापासून हेच म्हणायची सवय. आपण होकार कशाला देतोय, हे कोण बघतो? सरलाही म्हणाली.

तिचा नवरा जयराम शेजारी पोट धरून वाकला होता. सहा दिवस शौचाला झालं नव्हतं. साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी कोंड्यासकट धान्य, भाज्या, कडधान्यं खा म्हटलं होतं. या पठ्ठ्याने दुसऱ्याच दिवशी पेज बंद केली आणि नाचणीची भाकरी, कुळीथ, वर मूठभर कोंडा सुरू केला. वेगळं पाणी तो कधी फारसं पीत नसे. पोटात पाणी जायचं ते पेजेतून.

महाराजांनी पुडी दिली. "तीन दिस घोटभर तीर्थातून घे. वर पाण्याचो थेंब नको, पाण्यान करणी ताजी होता."

दुसऱ्या सकाळी जयराम हिरवं ओकू लागला. पोट दगडासारखं टणक. तिने उपकेंद्रातल्या नर्सला, दीपिकाला बोलावलं. दीपिकाने पोट चाचपलं आणि आधी गाडी मागवली.

"वयनी, काय दिलंस?"

सरलाने महाराजांची पुडी पुढे केली. गाडी येईपर्यंत दीपिकाने उरलेली पूड पाण्याच्या पेल्यात ढवळली. बघता बघता पेला घट्ट झाला. तिने बोटांनी ओढलं, तर तीच काळपट, बुळबुळीत दोरी निघाली.

"इसबगोल आणि माती," दीपिका म्हणाली. "पोटात फुगता आणि आतड्याचो आकार घेता. ताटातली करणी ती हीच पुडी. इसबगोल वायट न्हय, पण त्याका भरपूर पाणी लागता. हंय आतडा कोंड्यान आधीच गच्च होता."

"मी माझ्या हातान दिलंय गो," सरला म्हणाली.

कणकवलीला ऑपरेशन झालं. आतड्याचा वीतभर तुकडा काळा पडला होता. "दोन दिवस काही सांगता येत नाही," सर्जन म्हणाले.

"खाण्यातलो चोथा वाढवचो तो हळूहळू, आणि त्याच्याबरोबर पाणी," दीपिका बाकावर समजावत होती. "भावोजींनी पेज सोडल्यानी, तेव्हा पाणीच सुटला." सरलाला रडू आवरत नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती नवऱ्याला घेऊन मांडवात गेली होती.

मग तिला आठवलं, शेजारणीनेही नातीसाठी पुडी नेली होती. तिने फोन लावला.

"राधाबाय, पुडी फेकून दी. नातीक आत्ताच्या आत्ता डॉक्टराकडे ने."

"अगो, पण दोरी मी डोळ्यांनी बघलंय."

"मी पण बघलंय. ती खंयसून इली, ता मात्र इचारूक नाय. माझो घोव आत पडलो आसा, राधाबाय. तू तरी इचार."