देवाची मूठ

रोज दळायला बसण्याआधी दानम्मा मूठभर जोंधळे वेगळे काढायची. 'प्रभू, तुझंच तुला,' एवढंच म्हणून चुलीशेजारच्या मडक्यात टाकायची. लग्न होऊन उदगिरात आली तेव्हा सासूनं लावून दिलेला हा नेम. महिनाअखेरीला ख्रिस्ती मंडळीतल्या सगळ्या बायका आपापली मडकी प्रार्थनाघरात रिती करायच्या, पाळकसाहेब त्यावर हात धरून आशीर्वाद मागायचे, आणि ते धान्य नडलेल्यांच्या घरी जायचं.

आता मडकं नेणार कुठं? त्या वर्षी निझामाच्या मुलखात धामधूम माजली होती. लुटालुटीच्या भीतीनं पेठ बसली, माणसं गाड्या जुंपून सोलापूरकडं निघून गेली. मंडळीतली घरंही गेली. पाळकसाहेब बिदरला गेले ते परतलेच नाहीत. दानम्मालाही चल म्हणणारे होते. पण नवरा बसवंत इथल्याच मातीत निजलेला, पोटी लेकरू नाही. परमुलखात कुणाच्या दारात बसायचं, म्हणून ती राहिली. प्रार्थनाघराला कुलूप होतं. रविवारी ती बाहेरच्या पायरीवर बसून एकटीच गीत म्हणायची, आणि आपलाच आवाज तिला परका वाटायचा.

मूठ मात्र चुकली नाही. मडकं गळ्यापर्यंत भरलं. लिंबाचा पाला घालूनही दाण्याला टोके लागले. देवाच्या नावानं काढलेलं स्वतः तर खायचं नाहीच, पण पाळकाचा हात लागल्याशिवाय कुणाला द्यायचंही नाही, असं तिच्या मनात पक्कं बसलेलं. किडे वेचता वेचता एकदा तिचे डोळे भरून आले. आपली मूठ वर पोचतच नाही की काय? तिनं देवाला सांगून टाकलं : नाताळापर्यंत कुणी न्यायला आलं तर आलं, नाहीतर हा नेम मी सोडते.

नाताळ तोंडावर आला. कुणी आलं नाही.

भिंतीपलीकडं रहमतबी राहायची. बांगड्या भरणारी, तीही एकटीच. गावात हातच उरले नव्हते, भरणार कुणाला? पण पहाटे तिचं जातं वाजायचं आणि त्या घरघरीची दानम्माला सोबत वाटायची. एके पहाटे दानम्मा आपला खुंटा सोडून ऐकत राहिली. पलीकडचा आवाज कोरडा होता, खडखडीत. दगडावर दगड. पोटात दाणा नसला की जातं असंच बोलतं. मग तिला आठवलं, गेले काही दिवस तो असाच येत होता आणि आपण आपल्याच दुःखात होतो. शेजारणीला कळू नये म्हणून रहमतबी रिकामं जातं ओढत होती.

दानम्मा बराच वेळ मडक्याकडं बघत बसली. पाळकसाहेबांची वाट बघावी, तर भिंतीपलीकडचा तो आवाज थांबेना. शेवटी तिनं मडकं कडेवर घेतलं.

रहमतबीनं दार अर्धंच उघडलं. "काय अक्का, इतक्या सकाळी?"

"एकटीनं जातं ओढवंना आता. तुमच्या जात्यावर दोघी मिळून दळू म्हणलं."

रहमतबीनं आधी मडक्यात पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं. ते मडकं कशाचं हे तिला शेजारपणानं ठाऊक होतं. "ही तर तुमच्या देवाची अमानत हाय. मी खाल्ली तर त्यो काय म्हणंल?"

"त्याला दात न्हाईत, आपा. लई दिस ठेवलं त्याच्यासाठी. टोकेच खाऊन राहिलेत."

रहमतबी हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली. मग दारातून बाजूला झाली.

दोघी समोरासमोर बसल्या, एका खुंट्यावर दोन हात. पहिले दाणे घालताना पाळकसाहेब म्हणायचे ती प्रार्थना दानम्मानं भीत भीत स्वतःच म्हटली. रहमतबी बिस्मिल्ला म्हणाली. जातं जड झालं, पीठ पडू लागलं. दुपारपुरतं दळून झाल्यावर उरलेले जोंधळे तिथंच ओतून दानम्मा घरी आली.

नाताळाच्या दिवशीही प्रार्थनाघराला कुलूपच होतं. पायरीवर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिनं गीत शेवटपर्यंत म्हटलं.

दुसऱ्या पहाटे भिंतीपलीकडून भरल्या जात्याची घरघर आली. दानम्मानं मूठ काढली, 'प्रभू, तुझंच तुला' म्हटलं आणि मडक्यात सोडली. दाणे उघड्या तळावर टणटणत पडले. तो आवाज तिनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.