आमच्याकडे तर चालते

सर्जनच्या कम्प्युटरने सीडी बाहेर ढकलली तेव्हा चिमटाबाईंना आधी वाटलं, साहेबांनी ती उलटी घातली असणार. मोठ्या माणसांना छोटी कामं येत नाहीत, हे त्यांचं जुनं मत होतं. पण सर्जनने सीडी उलटसुलट करून बघितली, कोटाच्या बाहीला पुसली आणि पुन्हा घातली. टेबलाखालचं खोकं कण्हलं, त्याचा दिवा लुकलुकला आणि ट्रे जीभ दाखवल्यासारखा पुन्हा बाहेर आला.

"रिकामी आहे," सर्जन म्हणाला.

"रिकामी कशी असेल? इस्पितळात माझ्यासमोर लावून दाखवली. माझ्या भावाचं हृदय धडधडताना बघितलंय मी त्यात."

"मग त्यांनाच सांगा ना ऑपरेशन करायला." सर्जनने सीडी दोन बोटांत धरून परत दिली, जणू तिला वास येत होता. "मी दुसऱ्याच्या रिपोर्टवर विसंबून छातीला हात घालत नाही. शिरा मला स्वतःला बघाव्या लागतात. चालणारी सीडी आणा."

चिमटाबाई छापखान्यात प्रुफं तपासायच्या. लोकांच्या चुका काढण्याचा त्यांना पगार मिळायचा, आणि पगार नसता तरी त्यांनी तेच केलं असतं. 'चिमटाबाई' हे नाव कुणी ठेवलं ते छापखान्यात कुणी कबूल करत नसे, पण त्यांच्या माघारी सगळे तेच वापरत, आणि हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. नावाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. एकदा कुणीतरी ते पाटीवर लिहिलं, त्यातला 'चि' दीर्घ होता, त्याबद्दल मात्र त्यांनी आख्खा छापखाना डोक्यावर घेतला होता.

आजारी होता त्यांचा थोरला भाऊ, दादा. जन्मभर शाळेत पोरांना कवायत शिकवलेला, थंडीतही पहाटे पळायला जाणारा माणूस. तो आताशा जिन्याच्या मध्यावर थांबून भिंतीवरचा रंग बघत उभा राहायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "रंग कुठला लावलाय ते बघतोय." शेवटी वहिनीने रडून-भेकून त्याला इस्पितळात नेलं. अँजिओग्राफी झाली, शिरा तुंबल्याचं निघालं, बायपास करायचं ठरलं. आणि दादाने हट्ट धरला की छाती उघडायची तर याच सर्जनच्या हातून. हा सर्जन पूर्वी त्याच इस्पितळात होता. तिथल्या प्रमुखांशी वाजलं म्हणून दार आपटून बाहेर पडला होता, आणि तेव्हापासून दोन्ही बाजू एकमेकांचा फोनसुद्धा उचलत नव्हत्या. माणूस तिरसट, पण हाताला तोड नाही, असं सगळेच सांगत. चिमटाबाईंनी हात अजून पाहिला नव्हता. तिरसटपणा पाहिला होता.

त्या सीडी घेऊन तडक इस्पितळात गेल्या. तळमजल्यावर, रेकॉर्डच्या खोलीत, टाय घातलेला एक गृहस्थ बसायचा. त्याने सीडी आपल्या कम्प्युटरमध्ये सरकवली. पडद्यावर दादाचं हृदय लगेच धडधडू लागलं.

"बघा. आमच्याकडे तर चालते."

"तुमच्याकडे चालते हे मला माहीत आहे. त्यांच्याकडे चालत नाही."

"मग प्रॉब्लेम त्यांच्याकडे आहे."

"दुसरी द्या."

टायवाल्याने उसासा टाकला, टेबलावरच्या चवडीतून तशीच दुसरी सीडी काढली आणि करून दिली. ती घेऊन बाई पुन्हा सर्जनच्या दवाखान्यात गेल्या. खोकं पुन्हा कण्हलं, जीभ पुन्हा बाहेर आली.

"हीपण रिकामी," सर्जन म्हणाला. त्याला आनंद झालाय हे लपत नव्हतं. "त्या इस्पितळाचं सगळंच असं. म्हणून तर मी सोडलं."

"दुसऱ्या कुठल्या कम्प्युटरवर बघता येईल का तुम्हाला?"

"बाई, हे मशीन मी परदेशातून आणलंय. इथे तेव्हा असलं कुणी पाहिलंही नव्हतं. यात दिसत नाही म्हणजे त्यात नाही."

बाई सीडी पर्समध्ये टाकून उठल्या. हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं, पण मूर्खाशी वाद घालायला निदान त्याला ऐकू तरी यावं लागतं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. एक म्हणतो आमच्याकडे चालते, दुसरा म्हणतो रिकामी आहे, आणि दोघांच्या मधे दादा जिन्यात उभा राहून रंग बघतोय.

संध्याकाळी त्यांनी हे सगळं भावाच्या घरी सांगितलं, दोघांच्याही आवाजांच्या नकलांसकट. दादा हसला आणि हसताना धाप लागली म्हणून थांबला. मग उशीला टेकून हळूच म्हणाला, "त्याला विचार ना."

"कुणाला?"

"इंजिनियरला."

वहिनी डोळे पुसत होती, ती तशीच थबकली. घरात त्या माणसाचा उल्लेख इतक्या वर्षांत कुणी केला नव्हता. इंजिनियर म्हणजे चिमटाबाईंचा नवरा. म्हणजे, होता तो. इंजिनियरिंगशी त्याचा संबंध नव्हता, दादाने लाडाने ठेवलेलं नाव ते. बाई त्याला भंगारशेठ म्हणायच्या. जुने कम्प्युटर दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं, आणि दुकानात मावेना तेव्हा त्याने घर वापरायला घेतलं. पाहुण्यांना बसायला खुर्ची नसायची, पण प्रत्येक खुर्चीवर एकेक प्रिंटर बसलेला असायचा. एक दिवस केक करायला म्हणून बाईंनी ओव्हन उघडला तर आत कम्प्युटरचं सर्किट भाजत ठेवलेलं. "टाके सैल झालेत, गरम केले की बसतात," तो म्हणाला होता. बाईंनी ओव्हन बंद केला आणि वकील गाठला.

"त्याच्या दारात मी जाणार नाही," त्या म्हणाल्या.

"नको जाऊस," दादा म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. त्याचा चेहरा दिव्याखाली मेणासारखा दिसत होता. बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

दुकान बाजारातल्या एका तळघरात होतं. पायऱ्या उतरतानाच तापलेल्या धातूचा आणि धुळीचा तो वास आला, आणि बाईंना वाटलं, या वासासाठी पुन्हा एकदा घटस्फोट घ्यायला हरकत नाही. भंगारशेठ एका उघड्या यंत्रात डोकं घालून बसला होता. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. बाकी सुधारणा काही दिसली नाही.

"अगं, तू?" त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला.

"मला पण आवडलेलं नाही. हे बघ, आणि काय ते सांग." लग्न होतं तेव्हा त्या त्याला 'अहो' म्हणायच्या. घटस्फोटानंतर त्यांनी सगळ्यात आधी कुठली गोष्ट टाकली असेल तर ती ही.

त्याने सीडी बल्बखाली धरून तिरकी केली आणि मोठ्याने हसला. "इस्पितळाने दिली? अगं, ही पुसून पुन्हा लिहायची सीडी आहे. बघ, कशी राखाडी दिसते. आणि ही माझ्याकडची बघ, एकदाच लिहायची. आरशासारखी. ड्राइव्ह सीडीवर उजेड टाकतो आणि परत येणारा उजेड वाचतो. या राखाडीवरून उजेड फारच कमी परत येतो. नव्या ड्राइव्हला तेवढा पुरतो. जुन्याला पुरत नाही. तो म्हणतो, इथे काही नाहीच. तुझ्या सर्जनचं मशीन कधीचं?"

"परदेशातून आणलेलं. उत्तम आहे म्हणतो."

"असेल. मीपण उत्तम होतो."

"तू कधीच नव्हतास. म्हणजे त्याच्या खोक्याला दिसत नाही म्हणून माझ्या भावाला हृदयच नाही, असं?"

"खोक्यापुरतं असंच."

मग तो सुरूच झाला. एकदाच लिहायच्या सीडीवर सावकाश लिहावं लागतं, भरभर लिहिलेलं जुन्या ड्राइव्हला लागत नाही. आणि लिहून झालं की पुढे काही लिहिता येऊ नये अशी सीडी बंद करावी लागते, नाहीतर जुना ड्राइव्ह बिचारा गोंधळतो. एवढं केलं की चालणारच. बाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि भिंतीकडे तोंड केलं. याच आवाजात हा माणूस जेवताना, प्रवासात, एकदा तर चक्क अंत्ययात्रेत बोलत राहिला होता. आता मात्र त्यातलं प्रत्येक वाक्य दादाच्या कामाचं होतं, आणि याचाच त्यांना फार राग आला.

राखाडी सीडीवरचं सगळं आरशासारख्या सीडीवर उतरत असताना त्याने विचारलं, "दादा कसा आहे?"

"जिना चढवत नाही."

त्याने हातातलं हत्यार खाली ठेवलं. हत्यार खाली ठेवलेला भंगारशेठ बाईंनी फारसा पाहिला नव्हता.

"मी येतो बरोबर," शेवटी तो म्हणाला. "सर्जनच्या ड्राइव्हमध्ये लावून बघितल्याशिवाय काही खरं नाही."

"मगाशी तर छातीठोक सांगत होतास, चालणारच म्हणून."

"चालणारच."

"तुझ्यावर माझा काडीचा विश्वास नाही," बाई म्हणाल्या, "म्हणून तू येच."

सर्जनने पेशंटलाही बोलावलं होतं, त्यामुळे दादा आणि वहिनी बाहेरच्या बाकावर आधीच येऊन बसले होते. भंगारशेठला बघून दादाने पेपर खाली केला. "काय रे इंजिनियर, जाड झालास!" आणि दोघं एकमेकांचे हात धरून असे हसत राहिले की बाईंना दाराकडे जाऊन कडी तपासावी लागली.

आत सर्जनने नवी सीडी घातली. खोकं कण्हलं. पडद्यावर एक करडा चौकोन उमटला, क्षणभर थरथरला आणि गोठला. ट्रे बाहेर आला.

"झालं समाधान?" सर्जन म्हणाला.

बाईंनी भंगारशेठकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर राजीनामा देऊन गेला असता.

"सीडी वाचली त्याने," तो शांतपणे म्हणाला. "सुरुवात केली की नाही? पुढे अडकतोय. भिंगावर धूळ असणार. झाकण काढून पुसतो, लगेच होईल."

"माझ्या मशीनला कुणी हात लावायचा नाही!" सर्जन खुर्चीतून अर्धा उठला. "ते कधीही उघडलेलं नाही. बाहेरच्या माणसाने उघडायचं, आणि काही बिघडलं तर?"

आता मात्र चिमटाबाई उठल्या.

"डॉक्टर, बाहेर माझा भाऊ बसलाय. त्याची छाती तुम्ही करवतीने उघडणार आहात. तीही कधी उघडलेली नाही. तुम्हीसुद्धा बाहेरचेच, आणि काही बिघडलं तर, हा प्रश्न आमच्या घरात गेले कित्येक दिवस कुणाला झोपू देत नाही. तरी आम्ही हो म्हणालो. आणि तुम्हाला या पत्र्याच्या डब्याचं झाकण काढवत नाही? त्याला तर वहिनीही नाही रडायला."

सर्जनचे कान लाल झाले. त्याने खिडकीबाहेर बघितलं, चष्मा काढला, घातला आणि म्हणाला, "लवकर करा."

भंगारशेठने स्क्रू काढले, ड्राइव्ह बाहेर घेतला आणि त्याचं झाकण उघडलं. आतून धुळीचा जाड थरच निघाला. सर्जनच्याच ट्रेमधला कापूस आणि स्पिरिट घेऊन त्याने वाटाण्याएवढं भिंग पुसलं, इतक्या हळू, की बाईंना त्या बोटांवरून नजर काढता येईना. ओव्हन नसता तर, असा एक विचार त्यांच्या मनात येऊ लागला होता. त्यांनी तो तिथेच छाटला.

सगळं परत बसवून त्याने सीडी घातली. खोकं कण्हलं, मग त्याचा आवाज सरळ झाला. पडद्यावर दादाचं हृदय उमटलं, काळ्या फांद्यांसारख्या शिरांसकट, आणि धडधडू लागलं.

सर्जन काहीतरी कुजकं बोलणार म्हणून बाई तयार होत्या. पण तो पुढे वाकला. तोच तुकडा त्याने पुन्हा लावला. पुन्हा लावला. त्याच्या चेहऱ्यावरचा तिरसटपणा कुणी पुसून घ्यावा तसा गेला.

"पेशंट कुठे आहे?"

"बाहेर बाकावर. पेपर वाचतोय."

"त्याला उठू देऊ नका. चालू तर अजिबात देऊ नका." त्याने बेल दाबली आणि दाबूनच धरली. "डाव्या बाजूची मुख्य शीर आहे ही. बघा, दोऱ्याएवढी वाट उरलीय. हे रिपोर्टमध्ये का नाही? व्हीलचेअर आणा! माणूस असा फिरत होता इतके दिवस?"

"रिकामी सीडी घेऊन," चिमटाबाई म्हणाल्या.

सर्जनने ते ऐकलं. माफी वगैरे मागितली नाही. बाईंनी अपेक्षाही केली नव्हती. माफी मागायला माणसाला आधी खाली बघावं लागतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दादाला टेबलावर घेतलं, आणि दुपारी बाहेर येऊन वहिनीसमोर उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे थकलेले होते. तो एवढंच म्हणाला, "झालं. चांगलं झालं." हाताला तोड नाही हे बाईंना कबूल करावं लागलं. त्यांनी ते मनातल्या मनात, अगदी बारीक टाइपात कबूल केलं.

दादा सावरू लागल्यावर त्या एकदा टायवाल्याकडे गेल्या आणि राखाडी सीडी कुणाकुणाकडे चालणार नाहीत ते त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि चवडीवर हात ठेवून म्हणाला, "बाई, साठा खूप आहे. संपेपर्यंत याच वापराव्या लागतील." बाईंनी त्याला जे सुनावलं ते ऐकायला बाजूच्या खोल्यांतली माणसं दारात येऊन उभी राहिली. मग त्या वर गेल्या, इस्पितळाच्या प्रमुखांच्या दारावर टकटक न करता आत शिरल्या, आणि तिथेही तेच सगळं पहिल्यापासून सांगितलं. काही उपयोग झाला की नाही, त्यांना कळलं नाही.

दादाला घरी न्यायला भंगारशेठ आपली गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर मॉनिटर होता, तो त्याने बाईंच्या देखत डिकीत हलवला. दादा पुढे बसला, छातीशी उशी धरून. खोकला किंवा हसू आलं की ती दाबून धरायला सांगितलं होतं. बाई आणि वहिनी मागे बसल्या.

"इकडून कशाला वळतोयस?" पहिल्याच चौकात बाई म्हणाल्या. "सरळ जा."

"इकडून जवळ पडतं."

"इकडून कधीच जवळ पडलेलं नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा तू इकडूनच आणलं होतंस, आणि सगळे जेवून उठले होते."

"तुला तेव्हाही घाई होती."

"घाई नव्हती, भूक लागली होती!"

"अरे, गप्प बसा रे दोघं," दादाने उशी छातीवर दाबली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "हसवू नका. टाके दुखतात."

भंगारशेठने त्याच रस्त्याला गाडी घातली. चिमटाबाई घर येईपर्यंत त्याच्या चुका सांगत राहिल्या.