व्हर्लिन कुचेराचं नवं इंजिन

आमच्या मालकानं, म्हणजे व्हर्लिन कुचेरानं, नवी पिकअप घ्यायची ठरवली आणि त्या दिवसापासून चार महिने घरात दुसरा विषय निघाला नाही. गाडी मोठी, जड कामाची, चारी चाकांनी ओढणारी घ्यायची हे ठरलेलंच होतं. अडलं होतं ते इंजिनावर. डिझेल का पेट्रोल? गवत कापून झालं, गठ्ठे रचून झाले, वासरं बाजाराला गेली, तरी हा माणूस जेवताना बटाटा काट्याला टोचून तसाच धरायचा आणि म्हणायचा, "पर डिझेल घेतलं तर?" तोवर बटाटा गार व्हायचा.

मी डॉईल. नेब्रास्कातल्या या वाळूच्या टेकड्यांत कुचेराकडं सतरा वर्षं गडी आहे. एकशे त्र्याऐंशी तांबड्या गाई. हिवाळ्यात बर्फाखाली गवत गडप झालं की जुन्या डिझेल पिकअपमधून त्यांना पेंड टाकायला मीच जातो. म्हणजे गाडीत सगळ्यात जास्त मी बसतो. तेव्हा इंजिनाबद्दल मला कुणी विचारलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. तक्रार नाही, नुसतं सांगतो.

जुनी गाडी चोवीस वर्षांची. हॉर्न कधीच मेला होता. एक आरसा वळूनं नेला, दुसरा फाटकानं. पण इंजिन असं खडखडायचं, की मी घरून निघालो हे दोन टेकड्यांपलीकडं कळायचं.

गावात सोसायटीच्या दुकानात सकाळी कॉफीला जमणाऱ्यांत मालकापायी दोन तट पडले. भिंतीकडच्या बाकावर डिझेलवाले, खिडकीकडच्या बाकावर पेट्रोलवाले. डिझेलवाल्यांचं म्हणणं, ओढ बघावी ती डिझेलची. मागं ट्रेलर असला तरी चढ कळत नाही, उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं, आणि नीट ठेवलं तर मालकाच्या आधी मरत नाही. पेट्रोलवाले म्हणायचे, अहो ती जुनी डिझेलं गेली आता. आताच्या डिझेलला काजळी अडवायचा फिल्टर असतो. लांब पळवलं तर तो आतल्या आत जळून साफ होतो. कुरणात तासन्‌तास नुसतं चालू ठेवून उभं केलं, की तुंबतो आणि गाडी रुसते. शिवाय एका वेगळ्या टाकीत धूर साफ करायचं वेगळं पाणी ओतत बसा. आणि कडाक्याच्या थंडीत डिझेल थिजतं ते निराळंच. मालक एक दिवस या बाकावर बसायचा, एक दिवस त्या बाकावर. ज्या बाकावर बसेल त्या बाजूचं त्याला पटायचं.

शेवटी निकाल लागला तो गाडीच्या दुकानात. विक्रेत्यानं विचारलं, ओढायचं वजन किती असतं? मालक छाती काढून म्हणाला, अठरा हजार पौंड. मालकीण, लोर्नाबाई, शेजारीच बसल्या होत्या. त्या पर्स मांडीवर ठेवून म्हणाल्या, "ह्यो अठरा हजार पौंडाचा ट्रेलर कुठं ठिवलाय? मला कसा दिसला न्हाई?"

मालक गाडीचं माहितीपत्रक उलटंसुलटं करायला लागला.

"वरसातनं चारदा गवताचा ट्रेलर ओढतोस," बाई म्हणाल्या. "वासरं न्यायला तर ट्रक येतो. बाकी समदा हिवाळा तीन मैल जायाचं आन्‌ दोन तास हुबं ऱ्हायाचं. तुला ओढणारं इंजिन नगं व्हर्लिन, हुबं ऱ्हाणारं पायजे."

घेतलं पेट्रोल. मोठं आठ सिलिंडरचं. निवड चुकली नव्हती, हे मी आजही म्हणतो. आमच्या कामाला तेच इंजिन बरोबर. उणे वीसमध्ये एका चावीला सुरू व्हायचं. आणि आवाज? काचा वर केल्या की चालू आहे का बंद, हे कळायला समोरच्या काट्याकडं बघावं लागायचं. मालक ते येईल-जाईल त्याला ऐकवायचा. म्हणजे ऐकू येत नाही ते ऐकवायचा.

जुनी गाडी दुकानदारानं बदल्यात ठेवून घेतली. पंधरा दिवसांनी ती हार्लन ओल्टमननं घेतली.

आता हार्लनचं सांगायला हवं. त्याचं कुरण आमच्या दक्षिणेच्या कुरणाला लागून. नऊ वर्षांमागं त्याचा काळा वळू कुंपण मोडून आमच्या कालवडींत शिरला आणि चार दिवस राहिला. पुढं वासरं इतकी थोराड निघाली की दोन कालवडी विताना गेल्या. मालक म्हणाला कुंपण तू राखायचं, हार्लन म्हणाला तू. त्यावर बोलणं तुटलं. आमच्याकडं रस्त्यानं समोरून कुणीही येवो, ओळखीचा असो नसो, स्टेअरिंगवरचं एक बोट वर करायचं. तेवढंच, पण ते चुकवायचं नाही. मालक परक्या तेलवाल्याच्या ट्रकला बोट करायचा. हार्लनला नऊ वर्षांत केलं नाही. आणि तो हार्लन आता आमच्याच जुन्या गाडीतून रोज आमच्या फाटकावरनं खडखडत जायला लागला. मालक खिडकीचा पडदा ओढायचा. आवाज पडद्यातनं यायचाच.

जानेवारीत बर्फ धरला आणि पेंड टाकायचे दिवस आले. पहिल्या दिवशी मी नवी गाडी घेऊन दक्षिणेच्या कुरणात गेलो. एरवी मी फाटकाशी पोचायच्या आधी गाई टेकडी उतरून पळत यायच्या, पोटात वासरू असलं तरी पळायच्या. त्या दिवशी एक आली नाही. लांब उभ्या राहून बघत होत्या. हॉर्न वाजवला तर शेपट्या वर करून पार पल्याडच्या टेकडीवर गेल्या. पेंड टाकून तासभर थांबलो, तेव्हा वासावर एकेक आली, तीही गाडीकडं संशयानं बघत. दुसऱ्या दिवशी तेच. तेवढ्यात पलीकडं हार्लननं जुनी गाडी सुरू केली, आणि आमच्या सगळ्या गाई पेंड सोडून त्याच्या कुंपणाला जाऊन हंबरायला लागल्या. सगळ्यात पुढं कानतुटी. ही म्हातारी गाय. वासरू असताना थंडीनं तिचा एक कान गेलेला. ती जाईल तिकडं बाकीच्या जातात.

मी घरी येऊन सांगितलं. मालक म्हणाला, आठवड्यात शिकतील. खरंच शिकल्या असत्या. पण तिसऱ्या दिवशी सकाळी रेडिओनं वादळ सांगितलं. दुपारी दोनपासून, वायव्येकडून, दोन दिवस.

दक्षिणेच्या कुरणात आडोसा नाही. वाऱ्यापुढं गाई सरकत सरकत कुंपणाच्या कोपऱ्यात जमतात, तिथं बर्फ साचतो, आणि वादळ सरल्यावर तो कोपरा उकरावा लागतो. मी एकदा उकरलाय. पुन्हा उकरायची माझी तयारी नव्हती. त्यांना घराजवळच्या सीडरच्या झाडीत आणायला हवं होतं, आणि घर होतं तीन मैल वायव्येला, म्हणजे वाऱ्याच्या बरोबर तोंडावर. गाय वाऱ्याच्या तोंडावर हाकून जात नाही, मागं फिरते. पुढून बोलावलं तरच जाते.

नऊ वाजता आम्ही दोघं नवी गाडी घेऊन गेलो. मालकाचा खुबा ऑक्टोबरात बदललेला, घोड्यावर बसायला डॉक्टरांची मनाई. मी मागं उभा राहून पेंड टाकत होतो, मालक हळूहळू वायव्येला गाडी घेत होता. शंभर पावलांवर मागं वळून बघितलं तर मागं कुणी नाही. दोन तास हेच चाललं. अकराला वारा सुटला, आभाळ खाली आलं. मालकानं गाडी थांबवली, पण बंद केली नाही. बंद केली असती तरी फरक कळला नसता.

"डॉईल," तो म्हणाला, "काय करायचं?"

सतरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं.

"मालक, त्या गाडीला येत नव्हत्या. पेंडीलाबी न्हाई. आवाजाला येत हुत्या. आन्‌ त्यो आवाज हार्लनच्या अंगणात हाय."

मालक स्टेअरिंगकडं बघत बसला. मला वाटलं, हा माणूस गाई मरू देईल पण जाणार नाही. मला त्याचा राग आला, आणि भीतीही वाटली. मग त्यानं गाडी वळवली.

हार्लन शेडच्या दारात उभा होता. कालपासून आमच्या गाई त्याच्या कुंपणाशी हंबरत होत्या, तेव्हा काय झालंय हे त्याला ठाऊक नसेल असं नाही. पण तो म्हणाला, "काय?"

"गाडी पायजे," मालक म्हणाला.

"कुठली?"

"माजी."

हार्लननं नव्या गाडीकडं हनुवटी केली. "तुजी तर ही काय हुबी हाय."

वारा सुटला होता, मालकाच्या टोपीवर बर्फ बसायला लागला होता. त्यानं टोपी झटकली, पुन्हा घातली. "तुजी पायजे," तो म्हणाला.

"आसं म्हण की," हार्लन म्हणाला. "पेंडीची पोती माज्या गाडीत टाक, डॉईल. चालवतो मी. व्हर्लिन, तुजा खुबा नवा हाय, हिचा क्लच जुना हाय."

जुनी गाडी तिसऱ्या चावीला चालू झाली. खडखड सुरू झाली आणि मी मागं पोत्यांवर उभा राहून बघितलं, तर टेकडीवर कानतुटीनं मान वर केली. आम्ही कुरणात शिरायच्या आत सगळा कळप उतरत होता. हार्लन सावकाश वायव्येला निघाला आणि तांबड्या गाई खाली मान घालून, नाकावर बर्फ घेत, रांगेनं मागं आल्या. तीन मैल. सगळ्यात मागून मालक नवी गाडी घेऊन येत होता, एका गाईनंही त्याच्याकडं बघितलं नाही. माझे डोळे भरले होते. वाऱ्यानं, असं मी दोघांना सांगितलं.

दीड वाजता त्या झाडीत पोचल्या. हार्लन कॉफीला थांबला नाही, आणि थांब असं मालकानंही म्हटलं नाही. फाटकाबाहेर पडताच जुनी गाडी पांढऱ्यात दिसेनाशी झाली, आवाज तेवढा येत राहिला, आणि लोर्नाबाईंनी चाचपडत फाटक लावलं.

दोन दिवस दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, मी झाडीत जाऊन मोजलं. एकशे ब्याऐंशी. पुन्हा मोजलं, तेवढ्याच. कानतुटी नव्हती. मालकानं स्वतः मोजलं आणि झाडाला हात टेकून उभा राहिला. म्हणाला, हिनंच सगळ्यांना आणलं आणि हीच गेली. आम्ही फावडी घेऊन नव्या गाडीत बसलो आणि दक्षिणेचा तो कोपरा गाठला. निम्मा उकरून झाल्यावर मालक मधेच थांबला. माझ्याकडं बघितलं. मीही त्याच्याकडं बघितलं. दोघांना एकदमच सुचलं.

हार्लनच्या अंगणात जुन्या गाडीला अंग लावून कानतुटी उभी होती. फाटकापाशी कुंपणाची तार खाली लोळत होती. पुढ्यात हार्लनचं गवत, बरंच संपवलेलं. त्या दिवशी हार्लन परत निघाला तशी ती आमचं फाटक लागायच्या आत त्याच्या मागं गेली होती. त्या गाडीला आरसे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ती दारात दिसली.

हार्लन बाहेर आला. "कुंपण मोडून आली ही," तो म्हणाला. "नऊ वरसांमागं माजा वळू तुज्याकडं आला हुता. आता तुजी गाय माज्याकडं आली. फिटलं."

मालकानं बराच विचार केला. "वळू चार दिस ऱ्हायला हुता," तो म्हणाला. "हिला दोनच झाल्यात."

"मग आणखी दोन दिस ऱ्हाऊ दे," हार्लन म्हणाला.

गाय दोन दिवस तिथंच राहिली. न्यायला मी नवी गाडी घेऊन गेलो, तर जागची हलेना. शेवटी हार्लननं जुनी गाडी काढली आणि पुढं घातली, मागं कानतुटी, तिच्या मागं मी आवाज न करता. आमच्या फाटकाशी मालक लोर्नाबाईंच्या गाडीतून समोरून आला. त्याचं बोट स्टेअरिंगवरून उठलं, हार्लनचंही उठलं. मालकाचं बोट हार्लनला होतं का त्या गाडीला, ते मी विचारलं नाही.