वज्रबाहूचा नकार

"हे मी उतरवणार नाही." नरहररावांनी लेखणी दौतीशेजारी ठेवली. "वज्रबाहू असं वागायचा नाही."

त्यांची सून गोदावरी दारातच थांबली. मलकपेठेतल्या महिला मंडळाच्या हस्तलिखित मासिकात ती वर्षभर वज्रबाहूच्या गोष्टी लिहीत होती. सगळा अंक सुवाच्य अक्षरात उतरवायचं काम सासऱ्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. पस्तीस वर्षं तहसिलीत पेशकारी, म्हणजे साहेबांच्या हुकमांच्या कागदांचं काम, करून ते आता घरी बसले होते. एका हाताने डोंगर हलवणारा, तरी राजाच्या शब्दाबाहेर न जाणारा हा वीर त्यांना मनापासून आवडे. आणि बाराव्या गोष्टीत राजाने एका गावाचा बांध फोडायला सांगितला, तर तो चक्क नाही म्हणत होता.

ज्याचं मीठ खाल्लं त्याचा हुकूम मोडणं त्याच्या स्वभावातच नाही, असं ते म्हणाले. अकरा गोष्टींत निमूट तामील केली, मग आताच काय झालं?

गोदावरीने जुना अंक काढला. पाचव्या गोष्टीत धनगरांना रानातून हाकलायचा हुकूम होता. एका ढांगेत नदी ओलांडणाऱ्या वज्रबाहूला तिथे पोचायला चार दिवस लागले होते.

"तुमच्याच हातचं आहे, मामंजी. उगाच नव्हता तो रेंगाळला."

नरहररावांनी ते पान दोनदा वाचलं. मग त्यांनी आजवर घरात कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. बोम्मनपल्लीच्या तलावाकाठच्या तीस झोपड्या उठवायचा हुकूम त्यांच्या हाती आला होता. तो कागद त्यांनी तीन दिवस दप्तराच्या बस्त्यात दाबून ठेवला. तेवढ्यात लोकांनी म्हातारी माणसं, भांडीकुंडी हलवली. चौथ्या दिवशी झोपड्या पडल्याच. नाही म्हणायची छाती झाली नाही, एवढंच ते इतकी वर्षं मनाशी धरून होते.

गोदावरी त्यांच्यासमोर खाली बसली.

"वज्रबाहू 'नाही' म्हणेल," ते म्हणाले. "पण गरजणार नाही. जमिनीकडे बघूनच म्हणेल."

तिने 'गरजला' खोडून 'म्हणाला' केलं. गावाच्या नावाची जागा मोकळी का, असं त्यांनी विचारलं. सुचलं नाही, ती म्हणाली.

नरहररावांनी लेखणी उचलली आणि त्या मोकळ्या जागी लिहिलं: बोम्मनपल्ली. तेलुगू नाव बाळबोध लिपीत नीट उतरलं ना, ते एकदा पाहून घेतलं आणि पुढची ओळ लिहायला घेतली.